खाली केलेलं कार्ड

लुंबिनीच्या फोनमध्ये कुलपाचे फोटो होते. मागच्या खेपेला ती लातूरहून घरी आली, तेव्हा आपल्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारं चिंचेचं झाड आईला दाखवत होती. बोटानं फोटो सरकवता सरकवता झाड मागं पडलं आणि कुलूप आलं. मग पुन्हा कुलूप. तेच दार, तीच कडी, तेच पितळी कुलूप. कधी उन्हात, कधी ढगाळ उजेडात, कधी घाईत हात हलून पुसट झालेलं.

"हे गं काय?" महानंदानं विचारलं.

"काही न्हाई. कामाला निघताना काढून ठेवते. मधेच वाटतं, लावलंच न्हाई. मग फोटो बघितला की बरं वाटतं."

"मग गॅसचा पण काढत असशील!"

महानंदा गमतीनं म्हणाली होती. लुंबिनीनं आणखी थोडं सरकवलं. गॅसच्या बटणाचेही होते.

तेव्हापासून ते कुलूप महानंदाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यावर शिक्का मारताना दिसायचं, तव्यावरची भाकरी उलटताना दिसायचं. शेजारणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणाला तरी दाखवा. पण डोकं ठीक होतं. ज्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडतो, ते माणूस असंच जगतं. आणि लुंबिनीचा भरवसा कुणी उडवला, हे जगात एकट्या महानंदाला ठाऊक होतं.

याच पोरीचे हात एकेकाळी नांदेडात नावाजलेले होते. बीएस्सी झाल्यावर महानंदानं तिला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घातलं होतं. घरात दोघं नवराबायको नोकरीवाले. आनंदराज भोकरकडच्या शाळेत मास्तर, महानंदा ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात. पोरीनं त्याच्या वरची पायरी चढावी, एवढंच मनात. पण लुंबिनीनं एका मावसबहिणीच्या मंगल परिणयाचं शूटिंग मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर केलं, स्वतः बसून ते कापलं, जोडलं, आणि ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? त्यानंतर अभ्यासिकेतली खुर्ची रिकामीच राहिली.

"बीएस्सी काय लग्नात लाइट धरायला केलंस?" महानंदा चिडली होती.

"धरू दे की," आनंदराज पेपरामागून म्हणाले. "नाहीतरी आपल्या घरात लाइट कुठं टिकून राहिली!"

आधी आई हसली नाही. पुढं हळूहळू तिला पोरीचं काम बघत बसायची गोडी लागली. लुंबिनी कार्यक्रम उरकून आली की पाय धुवायच्या आधी टेबलाकडं जायची. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, आणि आतलं सगळं शूटिंग एका डिस्कवर घ्यायचं, मग तेच दुसऱ्या डिस्कवर. जेवायला हाक मारली तर म्हणायची, "आधी कार्ड, मग पोट." भरलेलं कार्ड ती डबीत पालथं ठेवायची, म्हणजे चुकून कुणी ते कॅमेऱ्यात घालू नये. एक डिस्क महानंदाच्या कपाटात साड्यांच्या खाली, आणि दुसरी प्रीतमच्या घरी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रीतम म्हणजे तिचा कॉलेजातला मित्र आणि धंद्यातला जोडीदार, ड्रोन त्याचा.

"दोन्ही घरातच ठेवल्या तर काय होतंय?" महानंदानं एकदा विचारलं.

"अन् घराला आग लागली तर?"

"शुभ बोल गं जरा."

"शुभच बोलून राहिले. साड्या गेल्या तर नव्या येतील. लोकांची लग्नं परत लागत न्हाईत."

कॉपी झाल्यावरही तिचं समाधान व्हायचं नाही. एकेक फाइल उघडून बघायची, सुरुवातीला, मधे, शेवटी. महानंदा म्हणाली, "एक उघडली की कळतंय की. शितावरून भाताची परीक्षा." त्यावर लुंबिनी म्हणाली, "आई, ह्या भाताचं प्रत्येक शीत वेगळं शिजतं." दोन्ही डिस्कवर सगळं नीट आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरच कार्ड परत कॅमेऱ्यात जायचं, आणि ते पुसायचं काम कॅमेऱ्यातच व्हायचं. या सगळ्या खटाटोपाला तिच्या धंद्यात एक शब्द होता. ती फोनवर प्रीतमला सांगायची, "थांब रे, कार्ड खाली करून राहिले." म्हणजे कार्डातलं सगळं काढून सुखरूप घरात आणून ठेवते आहे.

महानंदानं हा शब्द शंभरदा ऐकला होता. त्याचा अर्थ विचारायची गरज तिला कधी वाटली नाही. खाली म्हणजे रिकामं, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

निलंग्याचं काम लुंबिनीकडं आलं ते एका लग्नातल्या ओळखीतून. माणिकप्पा एसटीचे ड्रायव्हर. सेवापूर्तीच्या दिवशी त्यांची शेवटची फेरी निलंगा ते लातूर होती आणि घरच्यांना ती शूट करून हवी होती. सगळी हयात गाडी चालवली, पण माणिकप्पांनी बायकोला आपल्या गाडीत कधी बसू दिलं नव्हतं. "घरचं माणूस मागं असलं की पाय सारखा ब्रेकावर जातो," असं त्यांचं म्हणणं. सिंधुबाई माहेरी जायच्या ते दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीनं. त्या शेवटच्या फेरीला मात्र त्या नवं लुगडं नेसून पहिल्या सीटवर बसल्या. गाडीला झेंडूच्या माळा, पेढे वाटणारे कंडक्टर, आणि इंजिनाशेजारी अवघडून बसलेली लुंबिनी.

रात्री घरी आल्यावर तिला आईला काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. "आई, औशाच्या पुढं काय झालं माहितीये? काकांनी वरचा आरसा हलवला. मला वाटलं मागची गाडी बघतायत. तर त्यांनी तो काकूंच्या तोंडावर आणून ठेवला. अन् काकू आरशात बघून पदर नीट करून राहिल्या! मला वाटलं, आत्ता कॅमेरा हलला तर मेले."

त्या रात्री लाइट नव्हती आणि लॅपटॉप उतरलेला होता. सकाळी लाइट आली, लॅपटॉप चार्जिंगला लागला. लुंबिनीनं कार्ड लावलं, डिस्क लावली, डिस्कवर 'निलंगा' नावाचं फोल्डर केलं आणि तेवढ्यात दारात जीपचा हॉर्न वाजला. हदगावला लग्न होतं, गाडी न्यायला आली होती. "आल्यावर करते," म्हणून ती पळाली.

दुपारी तिचा फोन आला. मागं बँडचा गोंगाट.

"आई, इथं एक कार्ड दगा देऊन राहिलं. लॅपटॉपला लावलेलं आहे ना, ते खाली करून दे. प्रीतम ड्रोन घेऊन निघालाय, तो घरी येऊन घेऊन जाईल. येतं ना तुला?"

"मला येत नाही होय? घरात एमएस-सीआयटी कोण झालंय?"

"मग झालं की लगेच सांग."

महानंदा टेबलाशी बसली. पडद्यावर 'निलंगा' फोल्डर समोरच होतं. म्हणजे पोरीनं काढून घेतलंय, असं ती समजली. ते उघडून बघावं असं मनात आलं नाही. फोन करून विचारावं असं मात्र आलं, क्षणभर. पण एवढ्या तेवढ्याला विचारलं तर लुंबिनी म्हणेल, आईला साधं कार्ड खाली करता येत नाही. तिनं कार्डावरच्या साऱ्या फाइली निवडल्या आणि पुसायचं बटण दाबलं. कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. ऑफिसात जुन्या फाइली काढताना रोज विचारतो. तिनं हो म्हटलं.

"झालं का?" थोड्या वेळानं फोन आला.

"झालं. एकदम खाली. चाटून पुसून."

लुंबिनी हसली आणि आईला शाबासकी दिली. हदगावात तिनं ते कार्ड कॅमेऱ्यात घातलं, रिवाजाप्रमाणे पुन्हा पुसलं आणि त्यावर लग्न काठोकाठ भरलं.

परत आल्यावर हदगावच्या लग्नाला जागा करावी म्हणून तिनं डिस्कवरची जुनी, देऊन झालेली कामं काढून टाकली. मग निलंगा उघडलं. फोल्डर रिकामं होतं. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून तिनं विचारलं, "आई, कार्ड खाली केलंस ते कुठं टाकलंस?"

त्या 'कुठं'नं महानंदाला सगळं कळलं. तांदळाचा डबा खाली करायचा तर बाई आधी परात पुढं ओढते. खाली करणं म्हणजे कशात तरी ओतणं असतं. हे तिला जन्मभर ठाऊक होतं आणि त्या दुपारी तेवढंच आठवलं नव्हतं. तिनं माणिकप्पांचा आरसा, सिंधुबाईंचा पदर, सगळं रस्त्यावर ओतलं होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर ती नुसती चूक राहिली असती. पण महानंदाच्या तोंडून निघालं, "त्या फोल्डरातच की. तू करतेस तसंच."

तिला फक्त विचार करायला जरा वेळ हवा होता. पण खोटं एकदा उंबऱ्याबाहेर पडलं की आपल्या पायांनी चालायला लागतं. लुंबिनीचा चेहरा उतरला. "मग मीच उडवलं," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता जुनी कामं काढली ना, त्यातच ह्यातल्या फाइली पण गेल्या. उघडून न बघता काढलं मी. आई, मी न बघता काढलं."

"होतं असं. थकली होतीस," महानंदा म्हणाली. आणि वर मायेनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

डिस्क लातूरला एका माणसाकडं गेली. पुसलेलं परत काढून देणारा, त्यात तरबेज. त्यानं जुनी लग्नं काढली, एक बारसं काढलं, कुणाच्या तरी हळदीतलं नाचणं काढलं. निलंगा मिळेना. जे त्या डिस्कवर कधी आलंच नव्हतं ते तो बिचारा शोधत बसला होता, आणि महानंदा रोज संध्याकाळी पोरीला विचारत होती, "निघालं का गं काही?" हे आठवलं की अजूनही तिला आपल्याच आवाजाची किळस येई.

शेवटी निलंग्याला जाऊन सांगणं भाग होतं. "आई, तू येतेस का सोबत? मला एकटीला जमायचं न्हाई," लुंबिनी म्हणाली, आणि महानंदा गेली.

सिंधुबाईंनी धपाटे केले होते. वर ताजं लोणी. माणिकप्पा घरातही खाकी पँटच घालून बसले होते; सवय सुटत नाही म्हणाले. लुंबिनीनं ताटाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं. "काका, तुमच्या फेरीचं शूटिंग गेलं. माझ्याच हातानं पुसलं. खूप शोधलं, न्हाई मिळालं."

माणिकप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग सिंधुबाई म्हणाल्या, "म्हंजे काहीच न्हाई? ते आरशातलं बी न्हाई?"

"न्हाई काकू."

"सुनंला सांगून ठिवलं हुतं मी, तुझा सासरा कसा बघतुय ते बघ म्हून," सिंधुबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आत भांडं वाजलं नाही, काही नाही.

माणिकप्पांनी ताट लुंबिनीच्या पुढं सरकवलं. "जाऊ द्या. गाडी डेपोत गेली, मी काय स्वर्गात गेलो न्हाई. जेव बाळ." मग ते महानंदाकडं वळले. "अक्का, एक बोलतो. लई लोक बघितलेत मी गाडीत. चुकी झाली की कोण म्हणतंय ब्रेक फेल, कोण म्हणतंय समोरच्यानं घातली. ही पोरगी तोंडावर म्हणली, माझ्या हातानं गेलं. चांगलं वळण लावलंत तुम्ही."

महानंदाच्या तोंडात धपाट्याचा घास होता. तो गिळून तिनं मान हलवली आणि म्हणाली, "लहानपणापासून तशीच आहे ती."

पोरीच्या अंगावर आपलं पाप घालून वर तिच्या वळणाची शाबासकी आपणच घेतली. परतीच्या गाडीत लुंबिनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि तो खांदा आपला नसावा असं महानंदाला वाटत होतं.

त्यानंतर लुंबिनीनं कॅमेरा हातात धरला नाही. घेतलेली कामं प्रीतमला दिली आणि लातूरच्या एका स्टुडिओत एडिटिंगच्या नोकरीला लागली. शूटिंग दुसऱ्यांनी करायचं, तिनं नुसतं कापायचं, जोडायचं. महानंदानं ऑफिसात सांगितलं, पोरीला पर्मनंट जागा मिळाली. बायका म्हणाल्या, चला, एका जागी बसली.

आज रविवार. सकाळी प्रीतम आला. "जय भीम, काकू," म्हणत चपला काढून आत आला आणि पंख्याखाली बसला. "लुंबिनीचा फोन होता. कॅमेरा विकून टाक म्हणली. भोकरचं गिऱ्हाईक हाय, पोरगं नवीनच धंद्यात येऊन राहिलं. बॅग न्यायला आलो."

"विकायचा?" महानंदा खुर्चीवर बसलीच. "मला काही बोलली नाही."

"तुम्हाला वाईट वाटंल म्हून बोलली नसंल." प्रीतमनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "मी लई समजावलं. लातुरात तिचे काय हाल हायत तुम्हाला माहीत न्हाई काकू. एकच कार्ड परत परत कॉपी करते. मालक म्हणतो, बाई, माझ्या डिस्का तुझ्या भीतीनंच भरून राहिल्या. पोरं तिला 'परत बघू मॅडम' म्हणतात. परवा माणिकप्पांचा फोन आला होता तिला."

"कशाला?"

"नातीचा साखरपुडा हाय. म्हणले, शूटिंगला तूच ये, दुसरं कुणी नको. सिंधुकाकू पण बोलल्या म्हणं फोनवर. तर ही काय म्हणली, काका, माझ्या हाताचा भरवसा न्हाई, तुमचं आणखी एक घालवीन. अन् दुसऱ्या दिवशी मला फोन, कॅमेरा वीक."

महानंदा उठून बॅग घेऊन आली. कपाटाच्या वरच्या फळीवर होती, धूळ नव्हती. दर आठवड्याला ती स्वतः पुसायची. प्रीतमनं चेन उघडून कॅमेरा बाहेर काढला, उजेडात काच धरून बघितली.

"मला एक पटत न्हाई काकू," तो काचेकडंच बघत म्हणाला. "मी तिच्यासंगं किती कामं केली. ही पोरगी फोल्डर उघडल्याबिगर पुसत न्हाई. झोपेत असली तरी न्हाई. डिस्कवरून गेलं म्हणते, तर त्या माणसाला एक तरी तुकडा सापडायला पाहिजे होता ना? बारसं सापडतं अन् निलंगा सापडत न्हाई?" मग मान वर करून त्यानं साधेपणानं विचारलं, "तुम्ही टाकलं होतं ना डिस्कवर? तुमच्यासमोर कॉपी पुरी झाली होती ना?"

त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. म्हणूनच महानंदाला त्याच्याकडं बघवेना. आणखी एकदा 'हो' म्हणणं सोपं होतं; जीभ त्याला सरावली होती. 'हो' म्हटलं असतं तर कॅमेरा भोकरला गेला असता, आणि आपल्या हातात खोट आहे ही समजूत लुंबिनीच्या संसारात, तिच्या पोराबाळांत, म्हातारपणात तिच्याबरोबर चालत राहिली असती.

"नाही," महानंदा म्हणाली. "कॉपी झालीच नव्हती."

प्रीतमचा हात थांबला.

"ती म्हणाली खाली कर. मी खाली केलं. पुसलं सगळं. मग तिनं विचारलं तेव्हा खोटं बोलले."

प्रीतमनं कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला. "काकू..." एवढंच म्हणाला. मग, "तिनं तर निलंग्याला जाऊन..."

"मी बाजूलाच बसले होते."

तो खाली बघत राहिला. आपल्या लेकराच्या वयाचं पोर आपल्यामुळं शरमलेलं बघणं ही महानंदाला नवी शिक्षा होती, आणि ती कमीच आहे असं वाटलं. "बॅग राहू दे," ती म्हणाली. "तिला ऐकू दे आधी. मग विकायची का ठेवायची, ती ठरवेल."

"मी सांगू का तिला?"

"नको. तू माझी बाजू सावरून सांगशील."

आनंदराज बाजारातून येईपर्यंत थांबावं का, असं तिच्या मनात आलं. ते असले की शब्द सापडतील. मग वाटलं, लुंबिनीला घरीच बोलवावं, जेवू घालावं, शेजारी बसवून हळू सांगावं. लॅपटॉपही तेव्हा जुनाच होता, त्याचाही थोडा दोष... तिथं ती थांबली. हे असंच सुरू होतं. जेवू घालण्यापर्यंत पोर अजून एक रात्र स्वतःला दोष देत झोपणार, आणि आईला अजून एक रात्र सबबी सुचणार.

पोर काय म्हणेल, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित काहीच म्हणणार नाही. आपण एवढे दिवस काय सोसलं ते आठवेल आणि फोन ठेवून देईल. मग परत उचलणारही नाही. तो तिचा हक्क होता. निलंग्याचा नंबरही हवा होता. सिंधुबाईंना सांगायचं होतं. पण ते लुंबिनीनंतर.

"तू बस," ती प्रीतमला म्हणाली. "तुझ्यासमोर करते. म्हणजे मधेच बदलणार नाही मी."

तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि लेकीचं नाव शोधून दाबलं.